शेवंतीचं दावं

पळस पेटला होता. फाल्गुनाच्या रक्तारुण पहाटेने नदीकाठच्या प्रत्येक फांदीवर निखारे ठेवले होते; आणि त्या अग्निपुष्पांच्या पलीकडे, कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर, शेवंती म्हैस उभी होती. तीन पायांवर.

कज्जलकृष्ण तिची काया. खड्गदीर्घ तिची शिंगे. चौथा पाय उसाच्या ट्रॉलीखाली चिरडलेला. कातड्यातून हाड बाहेर आलेले, शुभ्र, निर्लज्ज. प्रत्येक वेतातले रेडकू तिने गमावले होते. तिची वंशवेल तिच्याबरोबरच तुटणार होती.

दाराशी वसुमती उभी होती. छातीशी थर्मॉस, थर्मॉसमध्ये शेवंतीचे बीजांडकोश नेण्यासाठी कोमट मिठाचे पाणी. म्हशींचे भ्रूण काचेच्या बशीत वाढवणारी ही शास्त्रज्ञ यल्लाप्पा गवळ्याला शब्द देऊन बसली होती: शेवंती जाईल, पण तिच्या बीजांडातून तिचे रेडकू येईल. तिने शब्द दिला खरा. पण आजवरचा तिचा प्रत्येक भ्रूण आठ पेशींवर येऊन मेला होता, हे तिने यल्लाप्पाला सांगितले नव्हते.

यल्लाप्पाने दावे ताणून धरले होते. त्या ताणाच्या आधाराने शेवंती थरथरत उभी होती, फेसाळत, रेकत.

"मालक, दावं सोडा," दस्तगीर खाटीक म्हणाला. "तुमच्या हातात हाय तवर ती बसायची न्हाई."

"हात सुटंना रं."

"मग मीबी सुरी उचलत न्हाई. ऱ्हाऊ उभं दिवसभर तिघंबी. तिचे हाल बघा की जरा!"

यल्लाप्पाची बोटे पांढरी पडली. मग दावे सुटले. सापासारखे फरशीवरून सळसळत गेले. शेवंती बसली. सुरी चमकली. आणि फाल्गुनाचा सारा पळस त्या एका कंठातून फुटून वाहिला.

प्रयोगशाळेत शांतता होती. पण ती वरवरची. सूक्ष्मदर्शकाखाली शेवंतीची बीजांडे चंद्रबिंबासारखी तरंगत होती, रेतनासाठी सिद्ध. प्रत्येक बिंबात आईने ठेवलेले असंख्य संदेश होते, आरएनएचे रेशीमतलम तंतू; आणि प्रत्येक तंतूला कवेत घेऊन बसलेली रक्षक प्रथिने. कुणी तो तोडू नये, कुणी तो वेळेआधी वाचू नये, म्हणून.

पण गर्भाला एके क्षणी स्वतःचा आवाज हवा असतो. तेव्हा संहार मांडला जातो. रक्षकांची मिठी उसवते. दुसरी प्रथिने येतात, पाशहस्त, निर्दय. आईच्या संदेशाला घट्ट धरतात, त्याचे शेपूट कुरतडायला लावतात, त्याला तुकडे करणाऱ्यांच्या स्वाधीन करतात. त्या विध्वंसाच्या राखेवर गर्भ आपले पहिले अक्षर उच्चारतो.

वसुमतीने काचेची सुई उचलली. सुईत रक्षक प्रथिन भरलेले होते. कत्तलखान्यापासूनच्या वाटेवर आईचे संदेश विरतील, या धास्तीने प्रत्येक बीजांडात ती ते जादा टोचत असे. ही तिची माया होती, आणि तिला तिचा अभिमान होता.

सुई बिंबाला टेकली. आणि तिला यल्लाप्पाची पांढरी पडलेली बोटे दिसली.

हात सुटंना रं.

आठ पेशींवर मेलेले ते सारे भ्रूण! त्यांना कुणी मारले नव्हते. त्यांच्यातल्या आईच्या संदेशांना कुणी मरू दिले नव्हते. संहाराची वेळ येई, पाशहस्त दाराशी थडकत. आणि आत तिचेच रक्षक दावे ताणून उभे असत.

चूक असेल तर? जादा रक्षकांवाचून ही बीजांडे आजच विरतील. आणि दुसरी शेवंती नव्हती.

तिने सुई खाली ठेवली. हळूच. दावे सोडावे तशी.

रेतन झाले, बीजांडांचे भ्रूण झाले. मग रणकंदन सुरू झाले, निःशब्द, कणाएवढ्या आकाशात. बशीतले भ्रूण एकेक करून काळवंडले, फुटले, गाळ झाले. वसुमती पाहत राहिली. प्रत्येक मृत्यूबरोबर तिची नखे तळहातात रुतत गेली. शेवटी एक उरला. आठ पेशींचा. निश्चल. त्याच उंबरठ्यावर.

तिने यल्लाप्पाला बोलावले. चांगले असो, वाईट असो. या वेळी लपवायचे नव्हते.

तो आला. अवघडून सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"बाई, ह्यो तर साबुदाणा हाय."

"तो शेवंतीचाच गर्भ आहे, यल्लाप्पा. पुढे जाईल की नाही, मला माहीत नाही. याआधीचे सगळे इथेच मेले. माझ्या हातून."

तो सूक्ष्मदर्शकाकडे वळला. मग पुन्हा वाकला, आणि गोठ्यात शिरताना घालायचा तशी, खोल पोटातून, हळू साद घातली, "हे हे हे... शेवंते..."

"अहो, तिला कान नाहीत अजून!"

"नसूद्यात. माझी सवय हाय."

वसुमतीने त्याच्या खांद्यावरून डोळा लावला. एक पेशी थरथरली. तिच्या मध्यावर वळी पडली, खोल गेली, फाटली. मग तिच्या शेजारची. मग तिच्या पलीकडची. आत कुठेतरी आईचा अखेरचा शब्द तुकडे तुकडे होऊन विरला होता. आणि त्या रक्तहीन रणभूमीवर कुणीतरी, कानांवाचून, कंठावाचून, हुंकार दिला होता.

खिडकीबाहेर पळस गळत होता. पाकळी, पाकळी, पाकळी. फांदी सोडत होती.