होडीखालचा ट्रेलर

नौदलात पंधरा वर्षं सुतारकाम करून हरिदास खोब्रागडे घुग्घुसला परतला आणि कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला. पाळी संपली की घरामागच्या अंगणात तो सागाच्या फळ्यांची होडी बांधत बसे. बारा फुटी, एका शिडाची. तीन वर्षं लागली. शेजारी विचारत, इथी समुद्र कुठी आहे? तो म्हणे, धरण आहे ना.

होडी झाली, पण धरणापर्यंत न्यायची कशी? तेव्हा सरकारी लिलावात त्याला मोटारबोटीचा जुना ट्रेलर मिळाला. बोट कधीच मोडीत गेली होती, ट्रेलर तहसील कचेरीमागच्या गवतात पडून होता.

मोटारबोटीचं इंजिन मागच्या टोकाला असतं, म्हणून तिच्या ट्रेलरच्या चाकांचा ॲक्सलही मागे असतो. हरिदासच्या होडीचं वजन मधोमध होतं. त्याने आणि वेल्डर लटारूने ॲक्सल दीड फूट पुढे आणला. कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, पाटे कडक होते, हलकी होडी त्यांच्यावर खिळखिळी झाली असती, म्हणून दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे काढले. होडीच्या कण्याखाली लांब लाकडी तुळई बसवली. बाजूच्या आधारांना खाणीतल्या टाकाऊ पट्ट्याचं रबर ठोकलं, आणि आडवी डोलकाठी टेकायला पुढे एक दुबेळका खांब उभा केला. होडी वर चढवली, तेव्हा कुठेही फट राहिली नाही. हरिदासची बायको कांता चहा घेऊन आली होती. होडीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाली, "आता कवा न्याची?"

"पोळा झाला का नेऊ. तू बसशील?"

"बसीन. मले पोहता येत नाई, पन बसीन."

ते शहाऐंशीचं साल. ऑगस्टात भामरागडकडच्या नद्या फुगल्या आणि गावं अडकली. तिसऱ्या दिवशी सकाळी सरकारी जीप हरिदासच्या दारात थांबली. नागपूरहून नवी मोटारबोट आली होती, पण ती पाण्यात उतरवायला ट्रेलर नव्हता. लिलावाच्या कागदात हरिदासचं नाव सापडलं होतं. जीपमधला साहेब तरुण होता, डोळे तांबारलेले.

"हा तर तुम्ही बदललाय," तो ट्रेलर पाहून म्हणाला.

"हो साहेब. पण होडी चढवलेलीच आहे, हीच न्या. मी येतो. गावात शिरलेलं पाणी वाहतं नसतं, वल्ह्यांवर एका खेपेला पाच माणसं आणीन. पंधरा वर्षं नौदलात होतो."

"खासगी होडी? उद्या कुणी बुडालं तर जबाबदारी कुणाची? मला ट्रेलरचा हुकूम आहे. दुपारपर्यंत होता तसा करून द्या."

हरिदास थोडा वेळ उभा राहिला. मग लटारूला बोलावून आणलं.

"काऊन कापून राह्यला, भाऊ?" लटारू म्हणाला. "आपन दोघानं मापं घेऊन केलेलं काम हाये हे. होडी न्या, नाई तं जा म्हना."

"लोकं अडकून राह्यले, लटारू. गॅस सुरू कर."

खांब कापला. तुळई काढली. ॲक्सल परत मागे गेला, पाटे परत चढले. होडी विटांवर उतरवून ठेवली. तीन वाजता ट्रेलर जीपमागे गेला. जाताना साहेबाने मागे वळूनही पाहिलं नाही.

बारा दिवस काही कळलं नाही. मग हरिदासने रजा टाकली आणि तो एसटीने आलापल्लीपर्यंत गेला. तिथून पुढे एका ट्रकवर बसला. भामरागडच्या अलीकडे एका नाल्याजवळ ट्रेलर उभा होता. मोटारबोट त्याच्यावर जशीच्या तशी. इंजिनावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

नाल्यापलीकडच्या गावचा झिंगू तिथे बैल चारत होता. हरिदासने त्याला विचारलं.

"चालवनारा येते म्हने," झिंगू म्हणाला. "नाई आला. आमी डोंग्यानं मानसं आनली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेले डोंगा उलटला." त्याने एका बैलाला मागे हाकललं. "माझी भावजय होती. सुकरी. आन तिची माय."

"ही बोट तेव्हा इथीच होती?"

"इथीच होती."

झिंगूने ट्रेलरकडे मान वळवली. "तुमची हाये का हे गाडी?"

"नाई," हरिदास म्हणाला.

घरी येऊन त्याने कांताला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तुमाले का मालूम होतं, चालवनारा येनार नाई म्हनून?"

"ते मालूम नोतं. पन माझी होडी मालूम होती, माझे हात मालूम होते. होडीसकट ट्रेलर जीपच्या मागं जोडून मी सोताच निघायले पायजे होतं. साहेब ओरडला असता, अजून काय केलं असतं? हुकूम म्हटला का मी उभाच राह्यतो. नौदलानं तेवढंच शिकवलं."

पोळा झाला. धरण तुडुंब भरलं होतं. कांताने एकदाच विचारलं, लटारूकडून दुसरा ट्रेलर करून घ्यायचा का. हरिदासने मानेनेच नाही म्हटलं. थंडीत त्याने होडी घोडाझरी तलावावरच्या एका मासेमाऱ्याला दिली. त्याने ती टेम्पोत घातली आणि डोलकाठी लांब होते म्हणून अंगणातच करवतीने कापली. हरिदासने करवतीचं दुसरं टोक धरलं.

ट्रेलर मागायला तो कचेरीत कधी गेला नाही.