कुम हेलिगची बस आणि आमची भीड

रविवारी दुपारी नेस्टा ताटांत भाजलेले मटण वाढत होती आणि तिची सासू लुनेड ऐन रंगात आली होती. मुलाला, म्हणजे नेस्टाचा नवरा गोरॉन्वी याला, ती आमच्या वेल्सच्या भाषेत, वेल्शमध्ये, झाडत होती.

"जिल्ह्याचा पुढारी झालास, लेका, पण आपल्या कुम हेलिग खोऱ्यातली बस काही तुला सांभाळता येईना. तुझ्या बापाला भेटायला मी काय मेंढीवर बसून जाऊ?"

"बंद नाही होत गं, आई. आठवड्यातून दोनदा करायचं म्हणतायत."

"मग सांग जाऊन तुझ्या बापाला, तहानही दोनदाच लागू दे म्हणावं."

एवढ्यात दार उघडून गोरॉन्वी-नेस्टाचा जावई कॉलिन आत आला आणि सगळे टेबल इंग्रजीवर आले. कॉलिन मँचेस्टरचा. आमच्याकडे हे असेच चालते. दहा जण वेल्श बोलत असोत, इंग्रजीवाला एक आला की दहाही जण जीभ वळवतात, आणि याला आम्ही सौजन्य म्हणतो. लुनेड "हॅलो, कॉलिन. नाइस डे," एवढे म्हणाली आणि जेवण संपेपर्यंत मुकाट्याने बटाटे वाढत राहिली. मला या सौजन्याची मनापासून चीड आहे.

लुनेडचा नवरा इद्वाल शहरातल्या शुश्रूषागृहात होता. अर्धांगवायूने त्याचे इंग्रजी पार पुसून नेले होते, वेल्श तेवढी उरली होती, आणि तिथल्या परिचारिकांना वेल्श येत नव्हती. रविवारी गोरॉन्वी आईला मोटारीने नेई. बाकी रोज ती बसने जाई, त्याला काय हवे ते विचारी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत परिचारिकांना सांगे. ती गेली नाही त्या दिवशी इद्वाल पाणी मागत राही आणि तो बडबडतो आहे असे त्यांना वाटे.

आणि नेमकी ही बस आता आमच्या हातून जाणार होती. चार जिल्ह्यांनी मिळून एक विभागीय संयुक्त समिती नेमावी, रस्ते, बस आणि बांधकामाचे आराखडे तिच्याकडे द्यावेत, असे सरकारने फर्मावले होते. आमच्या जिल्हा कौन्सिलमध्ये पक्ष विसरून सगळे त्यावर तुटून पडले.

"लोकांनी निवडून दिलं आपल्याला, आणि ठरवणार दुसरेच?"

"चौघांत आपलं मत एक. तिघं एकीकडे झाले की आपण नुसती हजेरी लावायची."

"आणि कामकाज कुठल्या भाषेत चालणार? तेही सांगा की, साहेब."

"कायदा आहे तो," गोरॉन्वी म्हणाला. "आपण बसलो नाही, तर आपल्याशिवाय ठरेल." मात्र त्याने झगडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. समितीपुढे कोणीही वेल्शमध्ये बोलावे. दुभाषी असेल, हेडफोन असतील.

बसच्या फेऱ्या कमी करण्यावर समितीने सुनावणी ठेवली, तिला लुनेड ठेवणीतला कोट घालून गेली. दुभाषी बाई काचेमागे तयार बसल्या होत्या. लुनेड उभी राहिली, वेल्शमध्ये दोन वाक्ये बोलली. समितीचे अध्यक्ष व्हिटकोम दुसऱ्या जिल्ह्यातले, वेल्श न येणारे, पण मनुष्य सज्जन. ते हेडफोनच्या वायरीशी झटापट करू लागले. "माझ्यासाठी थांबू नका हं," ते ओशाळून हसले.

तेवढे पुरे झाले. पाहुण्याची अडचण गोरॉन्वीला पाहवेना. तो पुढे वाकून कुजबुजला, "आई, इंग्रजीतच सांग ना. पटकन होईल."

लुनेडने जीभ वळवली. परक्या सभेत तिला सुचले ते सगळे शिष्टाचाराचेच शब्द. बस फार छान आहे, ड्रायव्हर भला आहे. नवरा कसा आहे, असे व्हिटकोमनी आपुलकीने विचारले. "व्हेरी वेल, थँक यू," ती म्हणाली आणि खाली बसली. तक्रार नाही, अशी नोंद झाली.

त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी धड बोलेना. कॉलिन आल्यावर तेही इंग्रजीतच.

"दुभाषी होत्या ना तिथे?" त्याने विचारले.

"त्या माणसाला अवघडल्यासारखं झालं असतं रे," गोरॉन्वी म्हणाला.

"मला विचारलंत कधी, मला कसं होतं ते?" कॉलिनने काटा खाली ठेवला. "मी बाहेर असतो तोवर आत हशा ऐकू येतो. मी आत आलो की आजी गप्प. या घरात मी म्हणजे हसू बंद करायचं बटण झालोय."

नेस्टाने नवऱ्याकडे पाहिले. "तिच्या तोंडावर हात तू ठेवलास, गोरॉन्वी," ती वेल्शमध्येच म्हणाली, कॉलिनसमोर.

निर्णयाच्या बैठकीत लोकांना बोलायची मुभा नव्हती. लुनेड आणि नेस्टा मागच्या बाकावर बसल्या. बसचा विषय निघाला तसा गोरॉन्वी उठला आणि वेल्शमध्ये बोलू लागला.

"गोरॉन्वी, वेळ थोडा आहे," व्हिटकोम म्हणाले. "तुम्हाला तर इंग्रजी आमच्याइतकंच येतं."

गोरॉन्वीचे कान तापले. जन्मभराची भीड त्याला खाली बसवू पाहत होती. तो बोलायचा थांबला, पण खाली बसला नाही. सभागृहात कोणी खाकरले. इतर जिल्ह्यांचे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहू लागले. तो उभाच होता. शेवटी एकाने हेडफोन उचलला, मग दुसऱ्याने, आणि सर्वांत शेवटी व्हिटकोमनी.

"माझे वडील पाणी मागतात," गोरॉन्वी वेल्शमध्ये म्हणाला, "आणि आई गेली नाही तर ते कोणाला कळत नाही. ती रोज याच बसने जाते."

दुभाषी बाईंचा आवाज कानांत पोहोचला तसा व्हिटकोम यांचा चेहरा उतरला. "पण त्या म्हणाल्या होत्या, ते अगदी बरे आहेत."

"ते तिनं तुमच्यासाठी म्हटलं होतं."

विषय फेरसुनावणीसाठी तहकूब झाला. बस वाचली असे नाही. तोवर ती रोज येईल, इतकेच. पुन्हा मते पडतील तेव्हा आमचे एकच असेल.

बैठक संपल्यावर व्हिटकोम हेडफोन गळ्यात तसाच ठेवून मागच्या बाकापाशी आले आणि इंग्रजीत म्हणाले, "मला माफ करा. त्या दिवशी मी समजून घ्यायला हवं होतं."

"इट्स ऑल राइट..." सवयीने लुनेडच्या ओठांवर आले. तिने ते तिथेच थांबवले. मग कोटाची गुंडी नीट करत ती वेल्शमध्ये म्हणाली, "नाही. ठीक नव्हतं ते."

व्हिटकोम क्षणभर गोंधळून गोरॉन्वीकडे पाहत राहिले. गोरॉन्वीने ते इंग्रजीत करून सांगितले नाही. काचेमागे दुभाषी बाई आवराआवर करत होत्या. त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. व्हिटकोमनी गळ्यातला हेडफोन उचलून कानांना लावला.