जिवंत माणसाची शोकसभा

मुरुमच्या बाजारात धुळाप्पा धनगराला लोकांनी मारून टाकलं, असं सगळ्या तालुक्यात पसरलं होतं. धुळाप्पा मेला नव्हता. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घडलं ते असं. घोंगड्या विकायला आलेल्या धुळाप्पाला बाजारात एक चुकलेली पोर रडताना दिसली. आई सापडावी म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतलं. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली होती. शिवलिंगप्पा आडत्या ओरडला, "धरा, चोर!" पहिली काठीही त्यानंच घातली. मग ज्याच्या हाताला जे लागलं, त्यानं ते घेतलं. शेवटी धुळाप्पाला ओढ्यात टाकून जो तो घरी जेवायला गेला.

बायको हरणाबाईनं त्याची धुगधुगी पाहिली. बैलगाडीत कडब्याखाली झाकून तिनं त्याला लांबच्या वस्तीवर नेलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. डावा डोळा गेला, हात मोडला, माणूस राहिला. इकडं प्रेत सापडेना, तेव्हा ते ओढ्यानं वाहून नेलं असं ठरलं.

निजामाचं राज्य होतं. सभेला परवानगी लागायची, आणि सरकारविरुद्ध बोलणाऱ्या सिद्रामप्पा वकिलांना ती कधी मिळत नसे. शोकसभेला मात्र मिळाली. वकिलांना लई आनंद झाला. तो त्यांनी दुःखात दाखवला. हे कळताच सरकारच्या मर्जीतले बब्रुवानराव देशमुखही शोक करायला निघाले. हरणाबाईला घरी निरोप आला, तो तिनं वस्तीवर जाऊन धुळाप्पाला सांगितला.

"म्या बी येतो," धुळाप्पा म्हणाला. "माझ्याबद्दल कोण काय बोलतंय ते ऐकू तर दे."

"गप पडा. पुन्हा मारत्याल."

"मेलेल्याला कोण मारतंय?"

सभेत तो डोक्यावरून घोंगडं घेऊन मागं बसला.

देशमुख आधी उठले. "आमचं मुरुम गरीब गाय आहे. हे काम बाहेरच्या लोकांचं. आता, परक्याची पोर उचलायला नको होती, हेही खरं." घसा सुकला तसं तांब्या घेऊन उभ्या शिवलिंगप्पानंच त्यांना पाणी दिलं.

वकील म्हणाले, "धुळाप्पाचा खून या राजवटीनं केला! शेवटच्या श्वासापर्यंत त्याचा खटला मी लढवीन. इथं त्याचा चौथरा बांधू!" काठी कुणी घातली, त्याचं नाव मात्र त्यांनीही काढलं नाही. मंडपाचं कापड शिवलिंगप्पाच्या दुकानातलं होतं.

मग हरणाबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मालक, मारलं कुणी?"

"गर्दीला तोंड नसतं, बाई," देशमुख म्हणाले.

"मग ज्यानं मार खाल्ला त्यालाच इचारा की. अवो, उठा!"

घोंगडं सरकलं. धुळाप्पा काठी टेकत पुढं आला तशी बाया किंचाळल्या, मंडप निम्मा रिकामा झाला. शिवलिंगप्पाच्या हातून तांब्या सुटून देशमुखांच्या पायावर पडला. वकील धुळाप्पाच्या कानाशी लागले, "अरे, सभा संपेपर्यंत तरी खाली बस! परवानगी शोकाची आहे!"

धुळाप्पा खालीच बसला, पण बोलत राहिला. "पहिली काठी ह्या शिवलिंगप्पाची. म्या म्हनत होतो, पोर खाली उतरवू द्या, तिला लागंल. कुणी थांबलं न्हाय." आणखी दोघांची नावं त्यानं घेतली. ती सांगताना हरणाबाईनं त्याचा मोडका हात धरला होता. राजद्रोहाचं भाषण टिपायला बसलेल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांना ती नावं टिपून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी देशमुखांनी जाहीर केलं की सरकारच्या चोख बंदोबस्तामुळे धुळाप्पा वाचला. वकिलांनी जाहीर केलं की जनतेच्या जागृतीमुळे वाचला. पण चारचौघांत शपथ घेतलेली, म्हणून वकिलांना खटला फुकट चालवावा लागला. टाळाटाळ दिसली की हरणाबाई त्यांच्या ओसरीवर बसून शेवटच्या श्वासाची चौकशी करायची. त्या पोरीची आई जगदेवी न घाबरता साक्षीला आली. शिवलिंगप्पा आणि ते दोघं तुरुंगात गेले.

निकालाच्या दिवशी कचेरीच्या पायरीवर देशमुख आणि वकील, दोघंही न्यायाच्या विजयावर बोलू लागले, एकाच वेळी. धुळाप्पा आणि हरणाबाई मागच्या दारानं निघाले. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवली होती, आणि शेजारी काही भरवशाचा नव्हता.