तहानेची रांग

मी एक जुनी दगडी डोण आहे, मित्रांनो. पनवेलजवळच्या नेरे गावात, विहिरीच्या काठी मी पडून असते. बुधाजी पाथरवटाने एकाच काळ्या पाषाणातून मला कोरले. माझे काम गुरांना पाणी पाजायचे. कृष्णाबाई पोहऱ्याने पाणी शेंदून मला भरायची. "जड हाय, पन गळत नाय," असे ती माझे कौतुक करायची.

पाणी पिणाऱ्यांचीही रांग असते, हे मी लवकर शिकले. आधी म्हशी, मग बैल, मग शेळ्या. कुत्री त्यांच्या पायांतून तोंड घालत. उरलेसुरले कावळ्यांचे. पाणी कमी झाले की शिंगे चालत.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली असतील. त्या वैशाखात डोंगरातले झरे आटले आणि वानरांचा कळप माझ्याकडे उतरला. कुत्र्यांची आणि त्यांची रोज जुंपू लागली. कृष्णाबाईची एकुलती एक म्हैस गाभण होती. त्या गोंधळाला बुजून ती पाण्याला तोंड लावेना. तेव्हा कृष्णाबाईच्या दिराने, दाजीने, माझ्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या. गुरे प्यायला आली की तेवढ्यापुरत्या त्या बाजूला करायच्या.

"आपली ढोरं आदी," तो म्हणाला.

कृष्णाबाईने वाकून पाहिले. विहिरीचा तळ दिसत होता.

दुसऱ्या दुपारी एक वानरी आली. पोटाला पिल्लू बिलगलेले. तिने काट्यांतून हात आत घातला. तो सोलवटला, आणि बाहेर येईपर्यंत पाणी गळून गेले. तिने पुन्हा घातला. माझ्या पाण्यात रक्ताचे थेंब पडले. मी दगड, तरी शहारले.

कातकरवाडीची चिंधी मडके घेऊन जवळच उभी होती. विहिरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. कोणी ओतेल तेव्हाच तिचे मडके भरे. कृष्णाबाई आली तशी ती म्हणाली, "आमी बी थांबतो, बाय. पन आमाला तू वततेस तरी."

कृष्णाबाईने पोहरा खाली ठेवला आणि फांद्या ओढून काढल्या.

दाजी धावत आला. "म्हस गाभण हाय, इसरलीस?"

"इसरले नाय. म्हनूनच काढते. ती वानरी बी लेकुरवाळीच हाय."

मग तिने दोर चिंधीच्या हातात दिला. दोघींनी पाणी शेंदले आणि लांब आंब्याखाली वानरांसाठी एक जुना रांजण भरून ठेवला.

मला वाटले, आता भांडण मिटेल. ते मिटले नाही. रांजणापाशी कळपातला दांडगा हुप्प्या सगळ्यांना हुसकावून आधी पिई, कुत्री त्याच्यावर भुंकत बसत. पण तेवढ्यात ती वानरी माझ्याकडे येऊन पिऊन जाई.

पावसाआधीच विहीर आटली. कृष्णाबाईला म्हैस गाढी नदीच्या डोहापर्यंत हाकावी लागे. दाजी दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलला नाही. म्हैस व्याली, रेडकू हडकुळे होते, पण जगले.

आता विहिरीवर पंप बसला आहे. मला कोणी भरत नाही, माझ्या पोटात पालापाचोळा साचतो.

मित्रांनो, बळकट आधी पिणार, हे तुम्हाला बदलता येणार नाही. पण उन्हाळ्यात पाणी ठेवाल तेव्हा एकच भांडे ठेवू नका. थोडे लांब, सावलीला, दुसरेही ठेवा.