आतली कडी

नातीचं, स्नेहलचं, बारसं उरकून सून आरती माहेराहून डिंगोऱ्याला आली, ते साल अठ्ठ्याण्णव. पंधरा दिवसांत प्रयागबाईनं तिच्या खोलीला कडी बसवायला सावळेराम सुताराला बोलावलं.

“आतनं?” सावळेरामनं पटाशी खाली ठेवली. “प्रयागबाय, खोलीत हंडा-बिंडा पुरलाय का?”

“सून हाय खोलीत. बसव.”

आरतीचे टाके अजून दुखत होते. डॉक्टरीणबाईंनी सूरजला तोंडावर सांगितलं होतं, दोन महिने बायकोच्या जवळ जायचं नाही. तो ऐकत नव्हता. सून ओरडायची नाही, पदर तोंडात कोंबायची. भिंतीपलीकडे सासूला सगळं समजायचं. शेवटी तिनं सुनेला घेऊन जुन्नरला वकील गाठला.

“मावशी, नवऱ्यानं केलं तर कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही,” वकील म्हणाला. “मारहाण असेल तर बघू.”

परतताना प्रयागबाईनं बाजारातून लोखंडी कडी घेतली.

ठोकाठोक ऐकून सूरज आला. मागोमाग प्रयागबाईचा चुलत दीर गेणभाऊ.

“माझ्याच बायकोच्या खोलीला कडी? आई, लोक हसत्याल.”

“हसू दे. तुला लाज वाटती का, ते बघ आधी.”

गेणभाऊ ओसरीवर टेकला. “वहिनी, नवऱ्याचा हक्क आसतो. आपल्या घरात आसं कधी झालं व्हतं का?”

“न्हाई झालं, भावजी. मला तीस वर्सं कुणी इचारलंच न्हाई. झालं आसतं तर लई बरं व्हतं.”

कोपऱ्यात तंबाखू मळणाऱ्या धर्माजीचा, तिच्या नवऱ्याचा, हात थांबला.

“आवं, दादा बसल्यात समोर!”

“बसू दे. त्यांच्या म्होरंच बोलती. वकील म्हनतो कायद्यात न्हाई. मग मी दारात बसवती. घरपट्टी माझ्या नावावर येती. ज्याला पटत न्हाई त्यानं वाट धरावी. सावळेराम, आवळ आजून येक स्क्रू.”

सूरज तरातरा निघून गेला. आठ दिवस मळ्यातच राहिला. नवव्या दिवशी दुपारी आला आणि खोलीच्या दाराशी उभा राहिला. दार सताड उघडं होतं.

“येऊ का?”

आरतीनं मांडीवरची पोर हलवली नाही. “नाय,” ती म्हणाली.

तो थोडा वेळ उंबऱ्यापाशी घुटमळला, मग ओसरीवर जाऊन बसला. चुलीपुढं प्रयागबाईनं भाकरी उलटली.

प्रयागबाई दोन हजार तीनच्या श्रावणात वारली. तोवर कायद्यात काही बदललं नव्हतं.