मशीनला भंडारा चालत नाही

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. शिरूरच्या एसटी स्टँडवर कुणालाही विचारा. स्टँडसमोरच्या गाळ्यात मी कॉम्प्युटर जोडून देतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. एखादं गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "विनोदसर, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला," की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो, बायकोला सांगतो आणि दर चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत भाषण ठोकतो, त्यातही सांगतो. भाषणाचा विषय बरीच वर्षं एकच आहे, 'अंधश्रद्धा सोडा'. टाळ्या बऱ्या पडतात.

तर असा मी माणूस. आता ऐका, मी काय करून बसलो ते.

दोन हजार दोनचा फेब्रुवारी. पाटसच्या अलीकडं एका वस्तीवर पूनम राहायची. तिचे आजोबा तात्याबा उमेदीत मेंढरांमागं नगर-सोलापूर पालथं घातलेला माणूस. आता वस्तीला टेकले होते, थोडा ऊस होता. पूनमनं दौंडला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि माझ्याकडून एक मशीन जोडून नेलं. गावच्या हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवायची एक जागा निघाली होती. हेडमास्तर तिला म्हणाले होते, "दहावीच्या सराव परीक्षेच्या दोनशे बारा गुणपत्रिका सोमवारी सकाळी छापून माझ्या टेबलावर ठेव, जागा तुझी." नाही जमलं, तर संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा तयारच होता. भाच्याला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, पण ती कुणाला अडचण वाटत नव्हती.

गुणपत्रिका तयार होत्या. पण छापायला घेतल्या की मशीन अडकायचं. शनिवारी तिचा फोन आला, "सर, मेमरी वाढवली की भागेल ना?"

भागणार होतं. पण माझ्या गाळ्यात आठ महिने एक डिस्प्ले कार्ड धूळ खात पडलं होतं. मी म्हणालो, "मेमरीबरोबर डिस्प्ले कार्डही टाकून घे. पडद्यावर चित्र कसं झकास दिसेल." गुणपत्रिकेला झकास चित्र कशाला लागतं, हे तिनं विचारलं नाही. सर म्हणतात म्हणजे लागत असेल.

रविवारी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलो आणि उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत जीपनं वस्तीवर पोचलो. तात्याबा दारातच होते. पंचाहत्तरीचे, डोईला लाल फेटा, कान मात्र अजून तिखट.

"या इंजिनेर," ते म्हणाले. "सकाळधरनं पोरगी अन्नाला शिवली न्हाई बगा."

मी कॅबिनेटचं झाकण काढलं, मेमरी बसवली, कार्ड बसवलं. पाच मिनिटांचं काम. झाकण घ्यायला वळलो, तेवढ्यात तात्याबांनी कनवटीची पिशवी काढली आणि चांगला मूठभर भंडारा त्या उघड्या कॅबिनेटमध्ये उधळला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

"आबा!" मी किंचाळलोच. "हे काय केलंत?"

"नवं आत घातलं न्हवं तुमी? नवं जनावर कळपात घेताना आमी भंडारा लावल्याबिगर घेत न्हाई."

"जनावर नाही हो हे! हळद आहे ती, हळद! नाजूक वस्तू असतात आत!"

फुंकर मारमारून जमेल तेवढी हळद उडवली. माझ्याच डोळ्यांत गेली. मग कॅबिनेट टेबलाखाली भिंतीशी सरकवलं आणि मागं हात घालून चाचपत वायरी लावल्या. शेकडो मशीनं अशीच लावलीत, बघावं लागत नाही. बटण दाबलं. पंखा फिरला, आतून 'टुक' असा एक आवाज आला. पडदा काळा तो काळाच.

परत बटण. टुक. काळा.

मी नुसतं तात्याबांकडं बघितलं. तेवढं पुरलं. आतून म्हाळसाबाई, त्यांची मालकीण, पदर खोचून बाहेर आल्या. "कवा अक्कल यायची तुमाला? मशीन हाय का मेंढी हाय, येवढं बी कळंना? नातीच्या पोटावर पाय दिलासा न्हवं!"

"आजी, राहू दे," पूनम म्हणाली. तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. बारा ते दोन लाइट जायची आणि परत सात वाजता. एक पान छापायला सव्वा मिनिट, दोनशे बारा पानांना जवळजवळ साडेचार तास. दोनच्या पुढं फार वेळ गेला तर खेळ खलास, हे तिनं बोटांवर मोजून मला सांगितलं.

मी सगळं सोडवलं. पूनमचा रंगकामाचा ब्रश घेतला, जुना दात घासायचा ब्रश घेतला, खोडरबर घेतलं. मेमरीच्या सोनेरी कडा घासल्या, कार्डाच्या घासल्या. हळद खाचाखाचांत बसली होती. एकेक कण काढताना मी तोंडानं चालूच होतो, की देश चंद्रावर जायच्या गोष्टी करतोय आणि आपण अजून हळद उधळतोय. परत जोडलं, परत चाचपत वायरी लावल्या. टुक. काळा. परत सोडवलं.

तिसऱ्या वेळी तात्याबा उंबऱ्यावरून हळूच म्हणाले, "इंजिनेर, आवाज तर रोजचाच येतोय. पोरगी चालू करती तवा असंच एकदा टुक करतंय ते. आजारी असतं तर आवाज बदलला असता. मेंढरू आजारी पडलं की पयला त्याचा आवाज बदलतोय."

"आबा, मेंढरं नाहीत ही. तुम्ही बाहेर बसा बरं."

ते उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. आता खरं सांगायचं तर ते म्हणत होते तेच पुस्तकात आहे. एकदा टुक झालं म्हणजे आत सगळं ठीक. तीनदा, चारदा वाजलं तर बिघाड. हे मी स्वतः पोरांना शिकवलंय. पण ते फेटेवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडून आलं ना!

पूनम म्हणाली, "सर, नवीन काढून टाका ना सगळं. पहिल्यासारखं करून द्या. अडकत का होईना, छापते मी."

"त्यानं काय होणार? आत हळद गेलीय," मी खेकसलो. नवं कार्ड बाजूला काढून एकदा बघावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी मी केलं नसतं, कार्ड माझं होतं.

बारा वाजता लाइट गेली. दोन तास मी हातात ब्रश धरून बसलो. बाहेर लिंबाखाली तात्याबांवर म्हाळसाबाईंचा पट्टा सुरू होता.

दोन वाजता लाइट आली. मागच्या पंख्यात हळद अडकलीय का बघावं म्हणून मी कॅबिनेट टेबलाखालून ओढून दाराच्या उजेडात आणलं, पहिल्यांदाच पाठ माझ्याकडं करून.

पाठीवर पडद्याच्या वायरीला दोन खोबणी होत्या. वरची जुनी. खालची नव्या कार्डाची, सकाळी मीच बसवलेल्या. नवं कार्ड बसवलं की जुनी खोबण मुकी होते, चित्र नव्यातून येतं. वायर जुन्या खोबणीत होती. सवयीचा हात दर वेळी तिथंच गेला होता. सकाळपासून मशीन ठणठणीत चालू होतं आणि जिथं मी काहीच लावलं नव्हतं तिथं इमानदारीत चित्र पाठवत बसलं होतं.

मी इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. वायर काढली, खालच्या खोबणीत लावली. बटण दाबलं. टुक. पडदा उजळला. चित्र खरंच झकास होतं.

पूनम धावत आली. "झालं? सर, झालं? काय झालं होतं?"

माझी चूक. एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या मागं दारात म्हाळसाबाई उभ्या होत्या, त्यांच्या मागं तात्याबा, आणि सकाळपासून मी एवढं तोंड सोडलं होतं.

"भंडारा," मी म्हणालो. "कार्डाच्या खाचेत गेला होता. अगदी बारीक कण. काढला."

बारीक कण! एवढा तपशील कुणी मागितला होता मला?

तात्याबा पुढं आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मला नाही, मशीनला. "चुकलं बाबा," ते म्हणाले.

सातच्या आत दोनशे बारा पानं निघाली. सोमवारी पूनमला जागा मिळाली. पंधरा दिवसांनी तात्याबा एसटीनं शिरूरला आले, खांद्यावर नवी कोरी घोंगडी. "माझ्यापायी तरास झाला तुमास्नी. नातीची भाकरी तुमी वाचिवली," म्हणाले. मी ती घेतली. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं.

पुढची गंमत ऐका. वर्षभरानं शिक्रापूरहून एक दुकानदार बंद मशीन घेऊन आला. "सर, हळदीकुंकू काही लावलं नाही हो आम्ही, तरी बंद पडलं." मला वाटलं, येडं असेल. मग न्हावऱ्याचा एक पत्रिका छापणारा आला, म्हणाला, गल्लीत लग्न होतं, हळद लागलेली नवरी दुकानात येऊन गेली, त्यानंच झालं. दौंडकडच्या एका क्लासवर तर पाटी लागली, 'हळद लागलेल्यांनी आत येऊ नये'. मी चिडून त्या छापणाऱ्याला विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?"

"तुमीच सांगितलंय म्हणत्यात, दौंडकडं."

त्या एप्रिलात भाषण केलं. विषय तोच. टाळ्या बऱ्या पडल्या.

दोन हजार सहाच्या दसऱ्याआधी पूनमचा फोन आला. घरचं मशीन जुनं झालंय, बघून जा. गेलो. तात्याबा आता काठीवर आले होते. मला बघून उठायला लागले, मीच बसवलं.

पूनमनं मला आत नेलं. मशीन ठीकच होतं.

"सर, मला तेव्हा तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "साफसफाईत वायर निघाली आणि मीही जुन्या जागी लावली. पडदा काळा. मग कळलं."

मी विचारलं, "मग आबांना सांगितलं नाहीस?"

"किती वेळा! आबा म्हणतात, तू माझं मन राखाया बोलतीस. इंजिनेर बाबासाहेबांची माणसं हायती, देवाला बी भीत न्हाईत, ती खोटं कशापायी बोलतील?" मग ती म्हणाली, "सर, दसऱ्याला ते विळ्या-कोयत्यांना भंडारा लावतात. मला लावत नाहीत. कायमची ऑर्डर आली तेव्हा कपाळ पुढं केलं मी. म्हणाले, तुझा हात मशीनला लागतोय, नगं. चार वर्षं झाली सर, आबांनी माझ्या कपाळाला हात लावला नाही."

मी बाहेर जाऊन तात्याबांना हाताला धरून आत आणलं. "आबा, ऐका. तेव्हा चूक माझी होती. वायर मी भलत्या ठिकाणी लावली होती. तुमच्या भंडाऱ्यानं काही झालं नव्हतं."

ते हसले. "पोरीनं सांगाया लावलं व्हय?"

"नाही हो! मी खोटं बोललो होतो! लाज वाटली म्हणून खोटं बोललो!"

"आसू द्या. म्हाताऱ्याच्या जिवाला लागू नये म्हणून बोलताय. भला माणूस हाय तुमी."

झालं, माझं डोकं सटकलं. चालू मशीनचं झाकण काढलं. तात्याबांच्या कनवटीची पिशवी मागून नाही, ओढूनच घेतली. मी, ज्यानं आयुष्यात भंडाऱ्याला बोट लावलं नाही, मूठ भरली आणि आत उधळली. परत भरली, परत उधळली. पंख्यानं हळद खोलीभर उडाली. माझे केस पिवळे, शर्ट पिवळा. पडदा लख्ख चालू.

"बघा! बघा आबा! काय झालं? काही झालं?"

तात्याबांनी पडद्याकडं बघितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले.

"तुमच्या हातचा चालतोय त्याला," ते म्हणाले. "माझा न्हाई चालत."

माझ्या हातातून त्यांनी पिशवी घेतली, तिचं तोंड आवळून कनवटीला खोचली. पूनम दाराशी उभी होती. तिला आपलं अंग लागू नये म्हणून ते भिंतीला चिकटून, काठी सावरत, बाहेर गेले.