शेखसाहेबांच्या नवसाचे दगड

शुक्रवारची नमाज सुटली की अख्खं गाव डोक्यावर दगड घेऊन समुद्राकडे निघे. शेख अब्दुल आल यांच्या खोपटापासून थेट पाण्यात शिरलेल्या बांधावर नवसाचा दगड ठेवायचा, शेखांच्या हाती एक धष्टपुष्ट बदक द्यायचं आणि बांधाच्या पश्चिमेच्या नव्याकोऱ्या पुळणीवर उभं राहून गहिवरायचं. पुळण खरंच वाढत होती. इजिप्तमधल्या आमच्या बुरुल्लुसच्या किनाऱ्यावर समुद्र इतरांची जमीन खातो, शेखांना मात्र आणून देतो!

"मी बोट दाखवतो, लाट वाळू टाकते," शेख दाढी कुरवाळत म्हणत. बोट न दाखवताही लाट वाळू टाकतच होती, पण ते पाहायला थांबतो कोण?

बांधाच्या पूर्वेला उम्म सब्रीचं घर होतं. जाळी विणून पोट भरणारी ती विधवा बाई. तिचं अंगण लाटांनी गिळलं होतं, आता भिंतीला तडे जात होते. शेखांनी निकाल देऊन टाकला, "हिच्या घरात पाप आहे. समुद्र उगाच कुणाच्या दारी येत नाही." झालं! शेजारणी तोंडावर म्हणू लागल्या, "निघून जा बाई, आमचीही घरं बुडवशील."

एक दिवस शाळेतल्या करीमानबाईंनी लाल विटांचा चुरा आणून पश्चिमेच्या लाटांत ओतला.

"बाई, समुद्राला मसाला लावताय का?" लोक खिदळले.

"उद्या चव बघायला या."

दुसऱ्या दिवशी लाल चुरा बांधाला टेकून बसला होता. उम्म सब्रीच्या बाजूला चिमूटभरही नव्हता.

"लाटा तिरक्या येतात, काठाची वाळू पूर्वेकडे ढकलत नेतात," बाई म्हणाल्या. "तुमचा बांध ती अडवतो. पलीकडची वाळू लाटा नेतात, पण मागून नवी येत नाही. इकडचा चमत्कार आणि तिकडचं पाप, दोन्ही या दगडांनीच केलंय."

"समुद्र अल्लाचा आहे!" शेख गरजले.

"आहेच की. पण दगड कुणाचे?" गर्दीतून मी विचारलं. शेखांना एकाएकी खोकला आला.

उम्म सब्रीने करीमानबाईंचा हात धरला. "अगं पोरी, घर वाचावं म्हणून दर शुक्रवारी मीसुद्धा दगड ठेवत होते गं. सगळ्यांपेक्षा मोठा!"

कुणालाच हसू आलं नाही. शेवटी तीच गुडघाभर पाण्यात शिरली आणि पहिला दगड तिनेच उपसला. शेजारणी जरा घुटमळल्या, मग त्याही उतरल्या.

बाबांनो, समुद्राला कुणाचा लळा नसतो आणि कुणाचा रागही नसतो. कुणी चमत्कार दाखवला, तर बांधाच्या दुसऱ्या बाजूलाही जाऊन बघा. आम्ही एकाच बाजूला उभे राहून माना डोलावल्या, आणि एका बाईचं घर आमच्याच हातांनी पाण्यात ढकलत राहिलो.